जुन्या कॅश रजिस्टरची किंमत कशी काढायची: भंगारवाल्याला फोन करायच्या आधी हे वाचा

जुन्या नाशकात वाडे उतरतायत, दुकानं नवी होतायत, आणि मेनरोड, भांडी बाजार, रविवार कारंजा ह्या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या माळ्यावरून अधूनमधून एखादं जुनं गल्ल्याचं मशीन खाली येतं. नक्षीवालं, पुढे बटणांच्या रांगा, वर काचेची पेटी, खाली लाकडी ड्रॉवर, आणि दोन माणसं लागतील इतकं जड. मग घरात पहिला प्रश्न एकच असतो, ह्याचे किती येतील? आणि त्याचं सगळ्यात पटकन उत्तर देणारा माणूस म्हणजे भंगारवाला, कारण त्याच्याकडे काटा तयार असतो. त्याचा भाव खोटा नसतो, पण तो फक्त धातूचा भाव असतो, मशीनचा नाही. शंभर वर्षं टिकलेलं मशीन असं किलोवर फुटताना बघून मला खरंच वाईट वाटतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. ह्या मशीनची किंमत वजनावर ठरत नाही आणि नुसत्या वयावरही ठरत नाही. ते नेमकं कुठलं मॉडेल आहे आणि त्यातलं किती सामान मूळचं, जागेवर शिल्लक आहे, ह्या दोन गोष्टींवर सगळा खेळ आहे. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आधी हात लावू नका

मशीन खाली उतरलं की सगळ्यांना दोन गोष्टी कराव्याशा वाटतात, बटण दाबून बघायचं आणि घासून चमकवायचं. दोन्ही थांबवा. आत जुनं तेल आणि धूळ मिळून डिंकासारखा घट्ट थर झालेला असतो, त्यात तुम्ही जोर लावून बटण दाबलं तर बटणाची पट्टी वाकते किंवा आतली स्प्रिंग सुटते. हँडलवालं मशीन असेल आणि कोणीतरी कधीकाळी हँडल अर्धवट फिरवून सोडलेलं असेल तर सगळी बटणं लॉक होऊन बसतात, म्हणजे मशीन बिघडलेलंच असतं असं नाही, फक्त तो फेरा पुरा झालेला नसतो. पण तो जबरदस्तीने पुरा करायला जाऊ नका, आधी आत काय अडकलंय ते बघा. ड्रॉवर उघडत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. बऱ्याचदा नुसतं कुलूप लागलेलं असतं, आणि काही मशीनना बुडाशी खटका असतो त्याने ड्रॉवर सुटतो, बॅटरी घेऊन खालून बघा.

घासण्याचं तर नावच काढू नका. चिंच-मीठ, पितांबरी, लिंबू हे देवाच्या भांड्यांना ठीक आहे. ह्या मशीनवर कधी कधी निकेलचा पातळ मुलामा असतो, कधी मुद्दाम काळपट केलेलं फिनिश असतं, ते आंबट पदार्थाने एका दुपारीत निघून जातं आणि परत आणायचं म्हणजे कारखान्यात पाठवणं आलं. शिवाय पाणी आत गेलं की लोखंडी चक्रं गंजायला सुरुवात. लक्ष्मीपूजनाला, दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू, शेंदूर, कोणीतरी काढलेला स्वस्तिक, वर "शुभ लाभ", हे सगळं पण तसंच राहू द्या. ते मशीन नाशकातल्या एका दुकानात खरोखर वापरात होतं ह्याचा तो पुरावा आहे. आणि एखाद्याने दिवाळीला सगळ्या मशीनला ऑइलपेंट मारून टाकला असेल तरी निराश होऊ नका, त्या रंगाखाली मुलामा कधी कधी चांगला सुरक्षित राहिलेला असतो, फक्त पत्र्याने खरवडू नका.

त्यापेक्षा फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पुढून मागून दोन्ही बाजूंनी, वरून, ड्रॉवर उघडत असेल तर आतून, बटणांचा जवळून एक आणि जिथे जिथे आकडा किंवा अक्षर कोरलेलं दिसेल त्याचा वेगळा. हेच फोटो पुढे प्रत्येक टप्प्यावर लागणार आहेत.

मशीन कोणाचं, कुठलं

थोडा इतिहास, कारण त्यावरून ओळख सोपी जाते. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे, तिथे जेम्स रिटी नावाचा माणूस दारूचा गुत्ता चालवायचा आणि नोकर गल्ल्यातले पैसे मारायचे म्हणून हैराण होता. जहाजाने युरोपला जाताना त्याने बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र बघितलं आणि तसंच विक्री मोजणारं यंत्र का नाही असं त्याच्या डोक्यात आलं. भाऊ जॉन बरोबर त्याने ते बनवलं आणि १८७९ साली पेटंट घेतलं. पहिलं मशीन घड्याळासारखं तबकडीवालं होतं. पुढे धंदा एकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला आणि १८८४ मधे जॉन पॅटरसनने तो घेऊन नाव ठेवलं नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी, म्हणजे एनसीआर. आज जगात जी जुनी पितळी मशीनं फिरतात त्यातली बहुतेक ह्याच कंपनीची, त्यामुळे तुमच्या मशीनवर कुठेतरी "नॅशनल" हा शब्द सापडायची शक्यता भरपूर आहे.

ते असेल तर पुढच्या बाजूला बटणांच्या खाली किंवा ड्रॉवरच्या वर एक छोटी धातूची पट्टी शोधा. त्यावर दोन आकडे असतात, एक लांबलचक, तो सीरियल नंबर, आणि एक लहान, बहुधा तीन आकडी, तो मॉडेल नंबर, कधी त्याच्यामागे एखादं अक्षर. मळ बसला असेल तर मऊ कोरड्या ब्रशने झाडा आणि बॅटरी तिरकी धरा, कोरलेलं अक्षर लगेच उठून दिसतं. सीरियल नंबरवरून साल काढायच्या याद्या संग्राहकांनी नेटवर ठेवलेल्या आहेत. ढोबळ अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा की १९११ पर्यंत ह्या कंपनीची दहा लाख मशीनं विकून झाली होती, म्हणजे नंबर दहा लाखाच्या बराच आत असेल तर मशीन साधारण त्याच्या आधीचं.

मॉडेलमधला पहिला आकडा जास्त कामाचा. तीनशेच्या घरातली मशीनं आटोपशीर, बटण दाबलं की थेट चालणारी, त्यातलं ३१३ तर फारच लोकप्रिय, अमेरिकेत गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात आणि न्हाव्याकडे असायचं, रुंदीला कमी असल्यामुळे आजही लोक आवडीने घेतात कारण घरात शोकेसजवळ मावतं. चारशेच्या घरातली म्हणजे उजवीकडे हँडल, ४४२ वगैरे, मोठी आणि भारदस्त. पाचशेच्या घरातली तर अजून मोठी, त्यातल्या काहींना खाली लाकडी कपाट आणि एकाखाली एक कितीतरी ड्रॉवर, प्रत्येक नोकराला वेगळा ड्रॉवर असा हिशोब. आता लोकांना वाटतं मोठं म्हणजे महाग. तसं अजिबात नाही. मोठं मशीन ठेवायला जागा नसते, उचलायला माणसं लागतात, त्यामुळे गिऱ्हाईक कमी मिळतं, आणि छोटं देखणं मशीन त्याच्या आधी विकलं जातं.

अजून एक, मशीन लाकडी दिसतंय म्हणून त्याला कमी समजू नका. सुरुवातीच्या काळातली मशीनं लाकडी पेटीतच यायची आणि त्यातल्या काहींवर लाकडात लाकूड बसवलेली नक्षी असायची, ती पितळी मशीनपेक्षा दुर्मिळ आहेत. उलट इंग्लंडच्या हॅलिफॅक्स गावची ग्लेडहिल कंपनीची लाकडी गल्लापेटी पण सापडते, त्यात कागदाच्या रोलवर हाताने रक्कम लिहायची आणि ड्रॉवर उघडायचा, बटणं वगैरे काही नाही. ती सुंदर दिसते पण तिचा भाव वेगळा, पितळी एनसीआरशी तिची तुलना करू नका. ह्याशिवाय हॉलवुड, मिशिगन, जर्मनीची अँकर, स्वीडनची ह्यूगिन आणि स्वेडा अशी नावंही दिसू शकतात. कमी ऐकलेलं नाव दिसलं तर हलक्यात घेऊ नका, एनसीआरने स्पर्धकांना अक्षरशः चिरडलं होतं, इतकं की त्याबद्दल कंपनीच्या बड्या लोकांवर अमेरिकेत खटला होऊन १९१३ मधे शिक्षाही सुनावली गेली होती, नंतर ती वरच्या कोर्टात टिकली नाही ती गोष्ट वेगळी. त्यामुळे बुडालेल्या कंपन्यांची मशीनं मुळातच कमी उरली आहेत.

पितळ आहे की पितळेसारखं दिसतंय

स्पीकरमधला छोटा लोहचुंबक घ्या आणि बाजूच्या नक्षीवर, मागे, वरच्या झाकणावर लावून बघा. खाली पितळ किंवा ब्राँझ असेल तर चुंबक धरत नाही. वर निकेलचा मुलामा असेल तर अगदी किंचित ओढ जाणवू शकते, त्याने गोंधळू नका. कडक चिकटला तर पत्रा स्टीलचा आहे.

हे का महत्त्वाचं, तर पहिल्या महायुद्धाच्या काळात पितळेची टंचाई झाली आणि कंपनीने ओतीव पितळी पेट्या सोडून स्टीलच्या पत्र्यावर लाकडाचे रेषे काढल्यासारखा रंग मारायला सुरुवात केली. ही नंतरची मशीनं आतून तितकीच पक्की, कधी कधी जास्त हुशार, पण बाजारात त्यांना पितळीच्या मानाने फार कमी किंमत मिळते कारण घेणारा डोळ्यांनी घेतो. तुमचं मशीन त्यातलं निघालं तर अपेक्षा आधीच खाली आणा.

पितळी असेल तर नक्षी नीट बघा. डॉल्फिन मासे असलेली नक्षी, कमळासारख्या फुलाची फ्लर-द-ली, वेलबुट्टीची आर्ट नूव्हो, एम्पायर, बोहेमियन अशी प्रत्येकीला नावं आहेत आणि संग्राहक त्या नावाने शोधतात. नक्षीच्या कडा धारदार आहेत की गुळगुळीत झाल्यात हे बोट फिरवून बघा. कोणीतरी बफिंग मशीनवर जोरात घासून काढलं असेल तर फुलाच्या पाकळ्या सपाट होतात, चमक असते पण जीव गेलेला असतो आणि ते परत येत नाही.

काय काय गायब आहे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण किंमत इथेच निम्मी होते.

पहिलं बघायचं सगळ्यात वरचं. काचेच्या पेटीच्या डोक्यावर एक पितळी पाटी असायची, "अमाउंट पर्चेस्ड" असं लिहिलेली किंवा नक्षीची. ती स्क्रूवर बसते, सहज निघते, आणि म्हणूनच बहुतेक मशीनवर नसते. नुसते स्क्रूचे भोक दिसले तर समजा पाटी होती आणि गेली. काही दुकानदार त्या पाटीवर स्वतःच्या दुकानाचं नाव ओतून घ्यायचे, तसं तुमच्याकडे असेल तर तो फार मोठा प्लस पॉइंट, त्यातून ते नाव इकडच्या दुकानाचं असेल तर अजूनच. नव्या बनवलेल्या पाट्या पण मिळतात, त्या बसवल्या की मशीन छान दिसतं, पण विकताना पाटी नवी आहे हे सांगायचं. जुन्या पाटीच्या मागच्या बाजूला काळेपणा मशीनच्या बाकी अंगासारखाच असतो, नवीच्या मागे ओतकामाचा कोरेपणा दिसतो.

मग संगमरवराची पट्टी. ड्रॉवरच्या वर, बटणांच्या खाली एक अरुंद दगडी फळी असते, काहींना काचेची. गिऱ्हाईकाने दिलेलं चांदीचं नाणं त्यावर टाकून आवाज ऐकायचा, खणखणीत की बद्द, खोटं नाणं लगेच कळायचं. ही पट्टी फुटलेली, चिकटवलेली किंवा फरशीचा तुकडा कापून बसवलेली खूप दिसते. आपल्याकडे मार्बल कापून देणारे भरपूर आहेत त्यामुळे नवी बसवणं अवघड नाही, तरी मूळची असेल तर भाव वेगळा.

त्यानंतर आकडे दाखवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे बटण दाबल्यावर काचेमागे वर उडणारे छोटे पत्रे. ते सगळे आहेत का, आकडे पुसलेत का, पुढून आणि मागून दोन्हीकडून दिसतात का. बटणांच्या टोप्या सगळ्या एकाच जातीच्या आहेत का, की दोन-चार दुसऱ्या मशीनच्या लावल्यात. ह्या टोप्या बहुधा सेल्युलॉइडच्या असतात, त्यावर स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी लावलंत तर विरघळतील, ओल्या फडक्याने सुद्धा आतला कागद खराब होतो. वरचं झाकण, मागचं झाकण, बाजूचं झाकण ह्यांची कुलपं आणि किल्ल्या. किल्ली असेल तर फारच छान, नसेल तर कुलूप तोडू नका, जुन्या कुलपांची किल्ली बनवणारा कारागीर शोधा. ड्रॉवर लाकडी असतो, त्यात नाण्यांच्या वाट्या आणि नोटांचे कप्पे, त्याला वाळवी लागली का, तळ नवीन प्लायवुडचा केलाय का, आणि ड्रॉवरवर किंवा खाली नंबर मारलेला असेल तर तो पुढच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का. जुळला नाही तर दोन मशीनं मिळून एक केलेलं असू शकतं, असं मशीन शोपीस म्हणून चालतं, संग्राहक त्याला मूळ मशीनची किंमत देत नाही.

नंबरची पट्टीच गायब असेल तर मात्र जाणकार माणूस लगेच सावध होतो.

बटणावर आणे आहेत की सेंट

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा भाग, आणि परदेशी माहितीत तो कुठेच नीट सापडत नाही. बटणांवर डॉलर-सेंट असतील तर मशीन अमेरिकन बाजारासाठी बनलेलं, बहुधा कोणीतरी नंतर शोसाठी आणलेलं. पाउंड, शिलिंग, पेन्स असतील तर ब्रिटिश बाजाराचं. पण रुपये आणि आणे असतील तर थांबा, ते मशीन आपल्याकडच्या हिशोबासाठी घडवलेलं आहे.

विचार करा, डॉलरमधे शंभर सेंट, सगळं दहाच्या पटीत. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. बेरीज करणाऱ्या मशीनमधे आण्याचं चक्र दहाला नाही, सोळाला पलटी खाऊन रुपया पुढे ढकलायला हवं, म्हणजे आतलं चक्रच वेगळं कापायला लागतं. असली मशीनं साहजिकच कमी बनली. आणि १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हापासून आण्याचं मशीन हिशोबाच्या कामातून हळूहळू बाद होत गेलं. जे मोडीत गेलं ते गेलं, जे माळ्यावर राहिलं तेच आज आपल्या हातात आहे. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की आण्याचं मशीन डॉलरच्या मशीनच्या भावात कधीच देऊ नये, मग ते दिसायला साधं असलं तरी. भारतीय संग्राहकाला, जुन्या इराणी हॉटेलसारखी सजावट करणाऱ्या कॅफेवाल्याला, म्युझियमला आण्याचं मशीन हवं असतं, अमेरिकेत ते नुसतं "विदेशी चलन" म्हणून बाजूला पडू शकतं. म्हणजे एकच मशीन, पण कोणाला विकताय त्यावर भाव उलटा होतो.

ह्या जुन्या चलनाचा अंदाज नसेल आणि घरातल्या मुलांनाही दाखवायचं असेल तर त्र्यंबक रोडवर अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं म्युझियम आहे, आपल्या नाशिकजवळच आहे आणि बऱ्याच नाशिककरांनी बघितलेलं नसतं. आणा, दोन आणे, पाव आणा ही नाणी डोळ्यांनी बघितली की ड्रॉवरमधल्या त्या छोट्या-मोठ्या वाट्या कशासाठी हे पटकन समजतं.

चालतंय का, आणि पुरात होतं का

चालू मशीन आणि बंद मशीन ह्यात फरक पडतो पण लोकांना वाटतो तितका नाही. पूर्ण सामान असलेलं बंद मशीन दुरुस्त होतं, सामान गेलेलं चालू मशीन पूर्ण करणं जास्त कठीण. तपासायचं ते सोपं आहे, बटण हलकं दाबल्यावर परत येतं का, घंटी वाजते का, ड्रॉवर आपसूक बाहेर येतो का, आकडा वर उडतो आणि पुढचा दाबल्यावर आधीचा पडतो का, बेरजेची चक्रं पुढे सरकतात का. इलेक्ट्रिक मोटर असलेलं असेल तर, १९०६ मधे चार्ल्स केटरिंगने एनसीआरमधे मोटरवालं मशीन काढलं होतं, त्याची वायर अजिबात प्लगमधे लावू नका, जुन्या वायरीचं आवरण भुगा झालेलं असतं.

आणि नाशकातली खास गोष्ट म्हणजे गोदावरीचा पूर. गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली की सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल भागात पाणी शिरतं हे आपल्याला माहीतच आहे. १९६९ चा महापूर जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे, २००८ आणि २०१६ चे तर आपण बघितले. त्या भागातल्या तळमजल्यावरच्या दुकानातून आलेलं मशीन असेल तर बाहेरून कितीही चकाचक दिसू दे, मागचं झाकण उघडून खालच्या तळाला बॅटरी मारून बघा. करडा बारीक गाळ, चक्रांच्या खाली चिखलाची सुकलेली रेघ, स्प्रिंगांवर लाल गंज, ड्रॉवरचं लाकूड एका ठराविक उंचीपर्यंत फुगलेलं, ह्यातलं काहीही दिसलं तर ते पाण्यात होतं. लगेच टाकाऊ ठरत नाही, पण पूर्ण उघडून साफ करावं लागणार, तो खर्च भावातून वजा करायचा. माळ्यावरून आलेलं मशीन ह्या बाबतीत नशीबवान, त्यात फार तर उंदरांनी घर केलेलं असतं.

आता भाव

इथपर्यंत तुम्ही सगळं एका कागदावर लिहिलं असेल, कंपनी, मॉडेल, नंबर, धातू, नक्षी, चलन, काय गायब, काय बिघडलेलं. हा कागद हातात असल्याशिवाय कोणाला भाव विचारू नका, कारण तुम्हाला माहिती नाही हे समोरच्याला पहिल्या वाक्यात कळतं.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे मोडीचा भाव. समजा मशीन ४० किलोचं भरलं. भंगारवाला पितळेचा भाव सांगेल आणि तुम्ही खुश व्हाल, पण ४० किलो सगळं पितळ नसतं, बाहेरची पेटी पितळी, आतलं सगळं लोखंड-स्टील आणि खाली लाकूड. समजा पितळ १२ किलो निघालं तर १२ किलोला पितळेचा दर, उरलेल्याला लोखंडाचा, तेवढीच रक्कम येणार. हा आकडा काढून ठेवा, कारण ह्याच्या खाली तुम्ही जायचं नाही एवढाच त्याचा उपयोग.

दुसरी पायरी, तसंच मशीन खरोखर किती ला विकलं गेलं. ह्यात सगळे एकच चूक करतात, ओएलएक्सवर किंवा फेसबुकवर कोणीतरी दोन लाख लिहिलेलं दिसतं आणि आपलंही दोन लाखाचं आहे असं धरून बसतात. ती मागितलेली किंमत आहे, मिळालेली नाही, आणि ती जाहिरात महिनोन्महिने तिथेच पडून असते ह्यातच सगळं आलं. ईबेवर "सोल्ड आयटम्स" असा फिल्टर आहे तो लावा, तुमचा मॉडेल नंबर टाका, आणि लिलाव करणाऱ्या संस्थांचे जुने निकाल बघा. तीन-चार तरी अशा विक्री शोधा ज्या तुमच्या मशीनसारख्या अवस्थेतल्या आहेत. साधारण अंदाज सांगायचा तर अमेरिकेत नेहमीच्या मॉडेलचं, दुरुस्त न केलेलं पितळी मशीन काही शे डॉलरला जातं आणि तेच नीट रिस्टोअर केलेलं हजार डॉलरच्या पुढे जातं. पण तो आकडा डॉलरच्या दराने गुणून नाशकातला भाव काढू नका. तिथला गिऱ्हाईक इथे येऊन घेणार नाही, आणि एवढं लोखंड बोटीने पाठवायचा खर्च कधी कधी मशीनच्याच बरोबरीचा होतो.

तिसरी पायरी इथला बाजार. मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटवर अँटिकचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे दुकानात लावलेली किंमत आणि ते तुम्हाला देतील ती किंमत ह्यात मोठं अंतर असणारच, त्यांना दुरुस्ती, जागा आणि गिऱ्हाईकाची वाट बघणं हे सगळं त्यातून काढायचं असतं, त्याचा राग धरू नका. फोटो आणि कागद दोन-तीन वेगवेगळ्या लोकांना दाखवा, एक व्यापारी, एक संग्राहक, एक सजावट करणारा. तिघांचे आकडे एकमेकांपासून लांब असतील तर कारण विचारा, त्या कारणातच खरी माहिती असते. आणि जो फोटो बघताक्षणी "आत्ता गाडी पाठवतो, कॅश देतो" म्हणेल त्याला चार दिवस थांबवा.

मग हे पण ठरवा की किंमत कशासाठी काढताय. विकायचं असेल तर हातात पडेल तो आकडा खरा. भावाभावात वाटणी असेल तर विक्रीचा मधला आकडा धरा आणि ज्याला मशीन ठेवायचंय त्याने बाकीच्यांना तेवढं द्यावं, दुकानातली लावलेली किंमत धरली तर ठेवणाऱ्यावर अन्याय होतो आणि मोडीचा भाव धरला तर बाकीच्यांवर. विमा काढायचा असेल तर मात्र तसंच दुसरं मशीन विकत आणायला काय लागेल तो वरचा आकडा लावायचा.

दुरुस्त करून विकावं का

माझा सल्ला, बहुतेक वेळा नाही. नीट रिस्टोरेशन म्हणजे पूर्ण मशीन सुटं करणं, प्रत्येक भाग साफ करणं, मुलामा किंवा पॉलिश, लॅकर, परत जुळवणी, हे महाग आणि वेळखाऊ काम आहे आणि अर्धवट केलं तर किंमत वाढायच्या ऐवजी पडते. संग्राहक पुष्कळदा न छेडलेलं मशीनच मागतो. हां, घरीच ठेवायचं असेल तर नक्की करा, आणि ह्या बाबतीत नाशिक भाग्यवान आहे. पितळेच्या कामाला आपल्याकडे तांबट लोकांची पिढ्यानपिढ्यांची कला आहे आणि सातपूर-अंबडला एखादं तुटलेलं चक्र बघून तसंच्या तसं कापून देणारे टूलरूमवाले मिळतात. फक्त दोन गोष्टी सांगून ठेवा, काढलेला जुना तुकडा फेकायचा नाही, पिशवीत घालून मशीनबरोबर ठेवायचा, आणि आत स्प्रेचे डबे मारायचे नाहीत, ते वाळले की परत चिकट होतं. जुना थर साफ करून शिलाई मशीनचं पातळ तेल थेंबाथेंबाने, तेवढं पुरतं.

कागदपत्रांचं विसरू नका. त्या दुकानाचं जुनं बिलबुक, मशीन मागे दिसतंय असा आजोबांचा फोटो, खरेदीची पावती, दुकानाच्या उद्घाटनाचं कार्ड, काहीही असेल ते शोधून मशीनबरोबर ठेवा. मशीन कुठल्या दुकानात होतं हे कागदावर दाखवता आलं तर घेणारा थोडे जास्त देतो, आणि माझ्या मते ते जास्तीचे पैसे पूर्णपणे योग्य आहेत.

कायद्याचं एक लक्षात घ्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू येतात आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचं मशीन १९१०-१५ चं असेल आणि परदेशातला गिऱ्हाईक मिळाला तर पैसे घ्यायच्या आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा, वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला लागतो का आणि मिळतो का हे तेच सांगू शकतात. कस्टममधे अडकल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

व्यवहार ठरला की साध्या कागदावर मॉडेल नंबर, सीरियल नंबर, काय गायब आहे, काय नवीन बसवलंय हे लिहून दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे नंतर पाटी जुनी की नवी ह्यावरून भांडण नाही. पाठवताना वरची पाटी काढून वेगळी गुंडाळा, ड्रॉवर बाहेर काढा किंवा दोरीने बांधा, हँडल निघत असेल तर काढा, काचेला आतून बाहेरून थर्माकोल लावा, आणि मशीन नेहमी बुडाला धरून उचला, वरच्या काचेच्या पेटीला किंवा बाजूच्या नक्षीला धरून कधीच नाही. टेम्पोत आडवं ठेवायचं नाही. संगमरवराची पट्टी सुटी निघत असेल तर ती गाडीत पुढे सीटवर, हातात घेऊन न्या, रस्त्यात सगळ्यात आधी तीच तडकते.